रिटर्न राहिलं तरी क्लिअरन्सला काही होत नाही? असं अजिबात नाहीये

अमेरिकेत डिफेन्स कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या लोकांमध्ये एक मेसेज जोरात फॉरवर्ड होतोय. म्हणे सिक्युरिटी क्लिअरन्सवाले, म्हणजे गोपनीय कामासाठी लागणारी सरकारी मंजुरी देणारे, फक्त कर्ज बघतात, टॅक्स रिटर्न राहिलं असेल तर टेन्शन घेऊ नका, रिफंड येणार असेल तर सोडूनच द्या, क्लिअरन्सच्या फॉर्मवर रिटर्न राहिलंय का विचारलं तर 'नाही' लिहा, आणि फारच वाटलं तर क्लिअरन्सच्या इंटरव्ह्यूच्या आधी सगळी भरून टाका. यावर विश्वास ठेवून कोणाची नोकरी जाऊ नये म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फक्त कर्ज बघतात हे साफ चुकीचं. क्लिअरन्सचे निकष सीड-4 (SEAD-4) या 2017 पासून लागू असलेल्या सरकारी निर्देशात आहेत, त्यातली गाइडलाइन एफ पैशांच्या व्यवहारांबद्दल आहे आणि तिथे फेडरल, स्टेट किंवा लोकल इन्कम टॅक्सचं रिटर्न न भरणं हे वेगळं कारण म्हणून लिहिलंय, म्हणजे डोक्यावर एक डॉलर कर्ज नसलं तरी हे लागू होतं.

आता रिफंडचं. इथेच जास्त लोक फसतात कारण ऐकायला पटतं, सरकारच मला देणं लागतंय तर मी काय गुन्हा केला? पण उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर रिटर्न भरणं बंधनकारकच आहे, पैसे कोणाकडून कोणाला जाणार हा प्रश्नच नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या, म्हणजे डिफेन्स कंपन्यांतल्या लोकांच्या, क्लिअरन्सच्या केसेस डोहाकडे (DOHA, संरक्षण खात्याचं सुनावणी-अपील कार्यालय) जातात आणि तिथले निर्णय वाचले तर तेच तेच येतं, की जो माणूस दरवर्षीचा ठरलेला सरकारी नियम पाळत नाही तो गोपनीय माहितीचे नियम पाळेल यावर भरवसा कसा ठेवायचा. शिवाय तीन वर्षांत क्लेम केला नाही तर साधारणपणे तो रिफंडही जातो! स्टेटचं तर लोक विसरूनच जातात, वर्षाच्या मधे व्हर्जिनियातून मेरीलँडला घर बदललं की दोन्हीकडे त्या त्या काळाचं रिटर्न लागतं.

'नाही' लिहा हा सल्ला तर सगळ्यात घातक. एसएफ-86 म्हणजे क्लिअरन्सचा फॉर्म, त्याच्या सेक्शन 26 मध्ये सरळ विचारलंय, गेल्या सात वर्षांत टॅक्स भरायचा किंवा रिटर्न फाइल करायचं राहिलंय का. तुमच्या डब्ल्यू-2 ची (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मची) माहिती आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे, असतेच, त्यामुळे लपत काही नाही, आणि मुद्दाम खोटं लिहिलं तर तो फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. राहिलेलं रिटर्न निस्तरता येतं हो, पण फॉर्मवरचं खोटं निस्तरायला फार जड जातं.

इंटरव्ह्यूच्या आधी भरा, हे अर्धं खरं. भरायचंच आहे, पण कधी भरलं तेही बघतात, क्लिअरन्स धोक्यात आल्यावरच जाग आली असं दिसलं की त्याचं वजन कमी होतं. नोटीस यायच्या आधी स्वतःहून भरलं असेल, आयआरएसशी हप्ते ठरवून ते नियमित चालू असतील, तर ते बाजूने धरतात. आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणं अशी हाताबाहेरची कारणंही ऐकून घेतात, फक्त त्या काळात तुम्ही जबाबदारीने वागलात का ते दाखवावं लागतं. म्हणजे रिटर्न राहिलं की क्लिअरन्स गेलंच असंही नाही.

आपल्या लोकांसाठी अजून एक. पुण्यात आईबाबांबरोबरचं जॉइंट खातं, एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीच्या खात्यातली) एफडी, सगळं मिळून वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेलं तरी एफबार (FBAR, परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो, आणि एनआरईचं व्याज भारतात टॅक्स फ्री असलं तरी अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.

आणि पैसे नाहीत म्हणून रिटर्न अडवून ठेवू नका. न भरलेल्या रिटर्नचा दंड महिन्याला बाकी टॅक्सच्या 5 टक्के, 25 टक्क्यांपर्यंत जातो, रिटर्न भरून नुसते पैसे राहिले तर महिन्याला अर्धा टक्का. कुठल्या वर्षाचं राहिलंय आठवत नसेल तर आयआरएसच्या साइटवर ट्रान्सक्रिप्ट (तुमच्या टॅक्सच्या नोंदींचा उतारा) फुकट मिळतो, तो काढा आणि सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरुवात करा.