अमेरिकन लष्कराच्या गोळ्या आणि कोपरखैरण्याचा फ्रिज

आमच्या सेक्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत फिरला. "एक्स्पायरी डेट ही कंपन्यांची लूट. अमेरिकन लष्कराने तपासलं, तर 90 टक्के औषधं 15 वर्षांनीही ठणठणीत! घबराटीच्या, झोपेच्या गोळ्या महाग, चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. फेकू नका. फ्रिजमध्ये ठेवा, शेजाऱ्यालाही उपयोगी पडतील." खाली अंगठ्यांची रांग. मी इथंच मेडिकल चालवतो, त्यातले निम्मे अंगठे माझ्या गिऱ्हाइकांचे, म्हणून हा खटाटोप.

आधी लष्कर. तो कार्यक्रम खरा आहे. 1986 पासून तिथलं औषध प्रशासन लष्कराचा साठा मुदतीनंतर तपासतं. 2006 मध्ये छापलेले आकडे असे: 122 औषधांचे तीन हजारांवर लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाच्या खेपा, तपासले, त्यातल्या 88 टक्के लॉटना निदान एक वर्ष वाढवून मिळालं. काहींना त्याहून बरंच जास्त, हेही कबूल. पण तो माल मूळ सीलबंद डब्यातला, ठरावीक तापमानात ठेवलेला. शिवाय वाढीव मुदत द्यायच्या आधी लॉट प्रयोगशाळेत तपासलेला, कारण एकाच औषधाचे दोन लॉट सारखे टिकत नाहीत. तुमच्या कपाटातली स्ट्रिप कोण तपासणार?

आणि आपली हवा! जुलैत पापड दोन तासांत मऊ पडतो. गोळीच्या पाकिटावर "30 अंशांखाली, कोरड्या जागी" असं असतं, आणि आपण ती ठेवतो बाथरूमच्या आरशामागे, नाहीतर गॅसच्या वरच्या कप्प्यात. जिभेवर विरघळणारी क्लोनाझेपाम, ही घबराटीवरचीच गोळी, तर ओल लागली की गेलीच. फ्रिजने काम भागत नाही. बाहेर काढली की दमट हवेत थंड पाकिटावर पाणी सुटतं. डॉक्टरांनी किंवा लेबलने सांगितलं नसेल तर गोळ्यांना फ्रिज नको, बेडरूमचं कोरडं, कुलूपबंद कपाट बरं.

लुटीचं म्हणाल, तर मुदत संपलेला माल मी स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, परत करतो आणि बहुतेक कंपन्या तो घेतात. महाग? अल्प्राझोलम या घबराटीवरच्या गोळीची साधी स्ट्रिप वडापाव-चहाच्या हिशेबात बसते.

उलट टोकही खोटं आहे. तारीख उलटली की या गोळीचं विष होत नाही. 06/2025 छापलं असेल तर 30 जूनपर्यंत ती चालते, 1 जुलैला कुणी चुकून घेतली म्हणून धावपळ नको. धोका वेगळा आहे. रात्री छाती धडधडते, जुनी गोळी कमी पडल्यासारखी वाटते, माणूस दुसरी घेतो, मग तिसरी, वर दोन पेग. महिन्याने नवी स्ट्रिप आणली की हात सवयीने तीनच काढतो, आणि या वेळी त्या पूर्ण ताकदीच्या असतात. रोज घेणाऱ्याचं उलटं: जुन्या गोळीत औषध कमी भरलं तर नकळत डोस तुटतो, आणि घबराटीच्या, झोपेच्या या गटातली औषधं एकदम तुटली की फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून तारीख गेली म्हणून परस्पर बंदही करू नका. डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर नसतील आणि जीव घाबरा होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो.

शेजाऱ्याला? अल्प्राझोलम शेड्यूल एच-1 मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक सरकारी यादीत. लाल चौकटीतला इशारा उगाच नाही. मला रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. तुम्ही मात्र जिना उतरून देऊन येणार, समोरची आजी आधीच खोकल्याचं गुंगीचं औषध घेतेय का हे न विचारता.

एक चूक मात्र आम्हा मेडिकलवाल्यांची. पाच गोळ्या मागितल्या की कात्री चालते आणि तारखेचा तुकडा आमच्याकडेच राहतो. तो मागून घ्या.

परवा एक काकू केशराच्या डबीत नऊ सुट्या गोळ्या घेऊन आल्या. "या घबराटीच्याच ना रे, अजून चालतील?" रंग सगळ्यांचा पांढरा. भिंग लावून पाहिल्या, तर दोन रक्तदाबाच्या निघाल्या.