फोडलंच आहे तर...

जुनं घर घेताना आपण घराची किंमत, वकील, रजिस्ट्रेशन असा सगळा हिशोब करतो आणि वर "किरकोळ दुरुस्ती" म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवतो. आता हे किरकोळ म्हणजे किती ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण जुन्या घराचा निम्मा माल भिंतीच्या आत असतो.

आमचं सुरू झालं बाथरूमच्या नळावरून. टाकी भरलेली, कॉक पूर्ण उघडा, तरी धार अशी की बादली भरेपर्यंत अंघोळीची इच्छाच मरावी. प्लंबरने नळ काढून आत बोट घातलं आणि रिपोर्ट बघून डॉक्टर करतात तसा चेहरा केला. "साहेब, जीआय पाइप आहे." म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर, आणि तो थर संपला की आतून गंज चढत जातो, बाहेरून पाइप एकदम ठणठणीत पण आत पेन्सिल जाईल एवढंच भोक. म्हटलं मग तेवढाच तुकडा बदला ना, तर म्हणे तुकडा काढायला पाना फिरवला की पुढचा जॉइंट तुटणार. पाना फिरवला. तुटला.

मग टाइल्स फोडल्या, तर मागे पाइपाला बिलगून चक्क वायर! इलेक्ट्रिशियन आला, त्याने आणि प्लंबरने एकमेकांकडे बघून मान हलवली आणि मग दोघांनी माझ्याकडे बघत विचारलं, "हे कुणी केलंय?" जुन्या घरात येणारा प्रत्येक कारागीर कामाआधी हा प्रश्न विचारतो आणि उत्तर आपणच द्यायचं असतं, जणू काही आपण जन्माआधी येऊन वायरिंग करून गेलो होतो. वायरवरचं रबर वाकवलं की भुगा. सॉकेट सगळे थ्री पिन, पण अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नाही, तिसरं भोक नुसतं शोभेला. "आता फोडलंच आहे तर सगळं वायरिंग नवीन करून टाका," तो म्हणाला. आणि हे वाक्य साथीसारखं पसरतं हो. संध्याकाळी बायको म्हणाली, फोडलंच आहे तर गिझरचा पॉइंटही सरकवून घेऊ.

ओल हा तर वेगळाच विषय आहे. बेडरूमच्या छताचा रंग घर बघताना इतका ताजा होता की कौतुक वाटलं होतं, पहिल्या पावसात त्या कौतुकावर पिवळा नकाशा उमटला. पाणी मुरतं गच्चीच्या कठड्यापाशी आणि फिरत फिरत दिसतं कपाटाच्या वर, त्यामुळे जितकी माणसं बघायला आली तितकी निदानं झाली. गवंड्याने पोपडा काढला तर आत सळई गंजलेली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणे, म्हणून सळई फुगून काँक्रीटलाच ढकलून देते. ही माहिती मला खाली उभा असताना मिळाली.

वाळवीबद्दल फार बोलत नाही. दाराच्या चौकटीत खिळा मारायला गेलो आणि हातोडीच आत गेली. चौकट इतकी वर्षं निव्वळ ऑइल पेंटच्या भरवशावर उभी होती.

पण सगळ्यात शांत माणूस म्हणजे सुतार. त्याने कोपऱ्यात गुण्या लावला, ओळंबा सोडला आणि सांगितलं की या खोलीत एकही काटकोन नाही. मग मला विचारलं, "कपाट भिंतीसारखं वाकडं करू, की सरळ करून मागे फट सोडू?" माझ्या आयुष्यात इतका तात्त्विक प्रश्न कुणी विचारला नव्हता. सरळच करा म्हटलं. परवा टीव्हीचा रिमोट कपाटावरून त्या फटीत पडला, सुताराला फोन केला तर म्हणतो, काढता येईल की, फक्त कपाट भिंतीपासून सोडवावं लागेल, आणि सोडवलंच तर मागची ओलही बघून घेऊ.