लागार्डिया हायस्कूल : फी, लेखी परीक्षा आणि ‘नुसतं नाच-गाणं’

न्यूयॉर्कच्या लागार्डिया कला हायस्कूलबद्दल एक मजकूर फिरतोय : तिथे भरमसाट फी आहे, लेखी परीक्षेशिवाय प्रवेश नाही आणि दिवसभर नुसतं नाच-गाणं चालतं. तिन्ही दावे चुकीचे आहेत.

शाळा सरकारी आहे, शिक्षण मोफत. शहरातल्या ९ विशेष हायस्कूलांपैकी ८ ठिकाणी ‘एसएचएसएटी’ ही लेखी परीक्षा लागते. लागार्डिया हा एकमेव अपवाद. इथे ऑडिशन होते, चित्रकलेसाठी स्वतःच्या कामांचा संच द्यावा लागतो. शिवाय आधीच्या शाळेतले गुणही पाहतात, हे अनेकांना माहीतच नसतं. चुरस मात्र खरोखरच जबरदस्त असते.

तिसऱ्या दाव्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कलेचे तास रोज असतात, पण गणित, विज्ञान, इतिहास कुणालाच चुकत नाही. राज्याच्या रीजेंट्स परीक्षा इतर मुलांसारख्याच द्याव्या लागतात. रंगमंचावरचा प्रयोग जवळ आला की शाळा सुटल्यावर तालीम, आणि गृहपाठ त्यानंतर. त्या मुलांची खरी ओढाताण इथे आहे. ‘नुसतं नाच-गाणं’ लिहिणाऱ्यांनी तो मजकूर कृपया मागे घ्यावा.