मावशीच्या दिराने पाठवलेल्या मेसेजला उत्तर

‘कोर्टाला वर्षातले सहा महिने सुट्टी. न्यायाधीशांच्या सुट्ट्या बंद करा, पाच कोटी खटले दोन वर्षांत निकाली निघतील. फुकटचा सरकारी वकील समोरच्या पार्टीला विकला जातो. आता सगळं ऑनलाइन आहे, मग नव्या इमारती आणि नोकरभरती कशाला? लोकअदालत एका दिवसात लाखो प्रकरणं मिटवते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. जास्तीत जास्त शेअर करा.’

हा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. मला तो तीन ग्रुपवर आला आणि तिन्ही वेळा मी पुढे सरकलो. चौथ्यांदा तो मावशीने दाखवला. काका जाऊन सहा वर्षं झाली. सातबाऱ्यावर मावशीचं नाव अजून लागलेलं नाही, सगळं रान दीरच कसतो. यंदा तिने मन घट्ट करून दावा लावायचं ठरवलं होतं. मेसेज तिला दिरानेच पाठवला. ‘‘नको रे बाबा, माझ्या हयातीत निकाल लागायचा नाही,’’ म्हणाली. म्हणून हे लिहितोय.

आधी सुट्ट्या. मेसेजवाल्याने दिवस सुप्रीम कोर्टाचे मोजलेत, त्यात शनिवार-रविवार धरलेत, आणि तेच गणित तालुक्याच्या कोर्टाला चिकटवलंय. सुप्रीम कोर्ट वर्षाला साधारण १९० दिवस बसतं. जिल्हा आणि तालुक्याची कोर्टं २४५ च्या आसपास. पाच कोटींतले साडेचार कोटींहून जास्त खटले या खालच्या कोर्टांतच आहेत. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, त्यामुळे रिमांडचं काम रविवारीही चालतं, दिवाळीतही. वरच्या कोर्टांच्या सुट्ट्या लांब आहेत, एवढं मान्य. कायद्यांतल्या सुधारणांवर सरकारला सल्ला देणाऱ्या विधी आयोगानेच २००९ साली त्या दहा-पंधरा दिवसांनी कमी करा म्हणून सांगितलं होतं. पण खालच्या कोर्टांची अख्खी उन्हाळी सुट्टी, समजा महिनाभर, रद्द केली तरी दिवस वाढतील बारा टक्के. बारा टक्के जादा दिवसांत पाच कोटी खटले दोन वर्षांत कसे संपतील? आणि त्या दोन वर्षांत नवे दावे दाखल व्हायचे थांबणार आहेत का?

खरा हिशेब माणसांचा आहे. १९८७ साली विधी आयोगाने १२० व्या अहवालात लिहिलं: दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, पाच वर्षांत ते पन्नास करा. २००२ साली सुप्रीम कोर्टानेही पन्नासचाच आदेश दिला. राज्याराज्यांतल्या न्यायव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्टमधला २०२५ चा आकडा आहे पंधरा. अडतीस वर्षांत साडेदहाचे पंधरा! २०१६ मध्ये सरन्यायाधीश ठाकूर पंतप्रधानांसमोर व्यासपीठावर हेच सांगताना गहिवरले होते, सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तरी दोष सुट्टीचा.

गेल्या महिन्यात मावशीच्या ओळखीच्या एका बाईंबरोबर मी तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो. दोन कोर्टांपैकी एकाला साहेब नाहीत, त्याचा चार्ज पहिल्याच कोर्टाकडे. बोर्डावरची, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतली, प्रकरणं मी मोजली, ८७ निघाली. अकरा ते साडेपाच, मधली जेवणाची सुट्टी वजा केली तर एका प्रकरणाला चार मिनिटं. त्या चार मिनिटांत पुकारा करायचा, वकिलाने फाइल काढायची, साक्षीदाराचा शब्द न् शब्द टाइप व्हायचा. लघुलेखक रजेवर होते, म्हणून एक साक्ष झालीच नाही. दुसऱ्या दाव्यात समन्सची बजावणी झाली नव्हती, कारण समन्स घरी पोचवणारा बेलिफ एक आणि गावं ढीगभर. त्या बाईंना चार वाजता तारीख मिळाली. साहेब पूर्ण वेळ खुर्चीत होते. ही तारीख सुट्टीमुळे पडली का?

आता मला सगळ्यात जास्त चीड आणणारा मुद्दा: फुकटचा वकील विकला जातो.

ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हे वाक्य वाचून काही फरक पडत नाही. ते लागतं मावशीसारख्या बाईलाच, कारण तिच्याकडे दुसरा वकील नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न विचारलं जात नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतला माणूस यांनाही तसंच. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. मालमत्तेच्या वादात बायकांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

विधी सेवेचे काही वकील कामचुकार निघतात का? निघतात. तारखेला येत नाहीत, ज्युनिअरला पाठवतात, हे मीही पाहिलंय. त्यांना मानधन मिळतं ते तुटपुंजं आणि उशिरा. त्याच इंडिया जस्टिस रिपोर्टप्रमाणे देशात विधी साहाय्यावर माणशी वर्षाला सात रुपयेसुद्धा खर्च होत नाहीत. एका कटिंग चहाचे पैसे नाहीत हे! एवढ्याशा पैशात कारभार चालवायचा आणि तो अपुरा पडला की ‘सगळे विकले गेले’ म्हणायचं, हा त्या योजनेत इमानाने उभं राहणाऱ्या वकिलांवर अन्याय आहे. वकील नीट काम करत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज देऊन बदलून मागता येतो. समितीचे अध्यक्ष तिथले वरिष्ठ न्यायाधीशच असतात. १५१०० वर फोन लावला तरी माहिती मिळते.

आणि निकालाला वर्षं लागतात म्हणून घरी बसायचं, हा सल्ला कोणाच्या फायद्याचा? ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्या. दावा लावला की त्याच्याबरोबरच तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देता येतो, निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये म्हणून. त्यासाठी शेवटच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. घरी बसलेल्या बाईला मात्र कोणतीच मनाई मिळत नाही, उलट दाव्याची मुदत सरकत राहते. दिराने मेसेज का पाठवला, हे मावशीला एवढं सांगितल्यावर लगेच कळलं.

ऑनलाइनचं थोडक्यात. ई-कोर्टवर तारीख कळते, आदेशाची प्रत मिळते, चांगली सोय आहे. पण २०२१ च्या ऑक्टोबरात औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सरन्यायाधीश रमणांनी सांगितलेले आकडे ऐका. न्यायाधीशांची मंजूर पदं २४,२८०, कोर्टाच्या खोल्या २०,१४३, त्यातल्या ६२० भाड्याच्या. २६ टक्के न्यायालय संकुलांत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय असलेला संगणक न्यायाधीशांच्या टेबलावर आहे तो फक्त २७ टक्के खोल्यांत. त्या दिवशी माझ्याबरोबरच्या बाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण जायचं कुठे हा प्रश्न. ऑनलाइनने हा प्रश्न कसा सुटतो ते मेसेजवाल्याने येऊन सांगावं. इमारती नकोत म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरकरांनाही विचारावं. मुंबई हायकोर्टाचं कामकाज कोल्हापुरातच चालवणाऱ्या सर्किट बेंचसाठी चाळीस वर्षांहून जास्त झगडल्यावर ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. तोवर सहा जिल्ह्यांतल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबईच गाठावी लागायची.

राहता राहिली लोकअदालत. ती चांगली आहे, मिटलं की कोर्ट फी परत मिळते. पण त्या लाखोंच्या आकड्यात दाखलच न झालेली बँकांची वसुली आणि वाहतुकीची चलनंही असतात. शिवाय तिथे दोघांची संमती लागते आणि निवाड्यावर अपील नसतं. मावशीचा दीर तडजोडीला बसणार असता तर सहा वर्षं गेलीच नसती.

सोमवारी आम्ही विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेलो. आधार कार्ड, काकांचा मृत्यू दाखला, सातबारा आणि फेरफार एवढे कागद नेले होते. उत्पन्नाचा दाखला मावशीने तरीही पिशवीत ठेवला होता. तो कोणी मागितला नाही.