पेन्शन मिळणारच आहे, मग चिंता कशाला?

आज दुपारी निवृत्तीनंतरच्या तजविजीचा विषय निघाला, तेव्हा एक तरुण सहकारी अत्यंत निर्धास्तपणे म्हणाला, की पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही दरमहा कापले जातात, म्हणजे म्हातारपणाची सोय झालीच आहे. त्याच्या अज्ञानाचा मला राग आला नाही; राग आला तो शेजारी बसून माना डोलावणाऱ्या, वीस-वीस वर्षे नोकरी केलेल्या अनुभवी मंडळींचा.

मुळात पेन्शनचे पैसे आपल्या पगारातून कापलेच जात नाहीत. आपले बारा टक्के पूर्णपणे पीएफमध्ये जातात आणि मालकाच्या बारा टक्क्यांपैकी 8.33 टक्के ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेत वळवले जातात, तेही सर्वसाधारणपणे पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये. तुमचा पगार ऐंशी हजार असो वा दीड लाख, ज्यांचा भरणा या मर्यादेवर होतो, त्यांचे पेन्शन पंधरा हजारांवरच मोजले जाते. पेन्शनपात्र वेतनाला, म्हणजे या मर्यादेत धरलेल्या वेतनाला, सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे, एवढे साधे गणित आहे. पस्तीस वर्षे राबलेल्या माणसाचे उत्तर साडेसात हजार येते. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली, तरी ते आठ हजारांना शिवत नाही.

माझे मामा एका खासगी कारखान्यातून 2011 साली निवृत्त झाले. तेव्हा वेतनमर्यादा साडेसहा हजार होती आणि योजना सुरू झाली ती नोव्हेंबर 1995 मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या सेवेचे जे मोजले गेले ते अगदीच किरकोळ होते. हाती पडले महिन्याला जेमतेम दोन हजार. आदेशाचा कागद आला तेव्हा मामांना वाटले, की एखादा आकडा छापायचा राहून गेला असावा, आणि चौकशीसाठी ते खरोखरच कार्यालयात जाऊन आले.

आता कोणी म्हणेल, की ही रक्कम तहहयात मिळते, बाजार कोसळला तरी थांबत नाही. मान्य आहे, एवढे श्रेय योजनेला दिलेच पाहिजे. पण ती थांबत नाही तशी वाढतही नाही, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सरकारी निवृत्तांना जसा महागाईभत्ता असतो, तसे ईपीएसमध्ये काहीही नाही. सप्टेंबर 2014 मध्ये किमान पेन्शन एक हजार रुपये ठरवण्यात आले, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. मामांना त्याचा एका रुपयाचाही लाभ झाला नाही, कारण एक हजाराहून अधिक मिळणारे ते भाग्यवान होते! पहिल्या महिन्यात जी रक्कम आली, तीच शेवटच्या महिन्यातही आली, आणि मधल्या काळात औषधांच्या किमती काही त्यांच्यासाठी थांबून राहिल्या नव्हत्या. हजार रुपयांत एका वृद्ध माणसाने महिना कसा काढावा, हे ज्यांनी तो आकडा ठरवला आणि नंतर वर्षानुवर्षे तसाच ठेवला, त्यांनी एकदा स्वतः करून दाखवावे.

पीएफची एकरकमी रक्कम तर हातात येतेच ना, असा प्रश्न हमखास विचारला जातो. येते. मामांचीही आली, आणि घराचे उरलेले कर्ज व धाकटीचे लग्न यांत ती वर्षभरात संपली. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती रक्कम याच वाटेने जाते.

हे लिहिताना राग थोडा ओसरला आहे आणि मामी डोळ्यांसमोर येत आहेत. मामा गेल्यावर त्यांच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मामींना सुरू झाली, म्हणजे हजाराच्या आसपास. तीही चालू राहावी म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्र त्यांचा ठसा पहिल्या फटक्यात कधीच घेत नाही. मामींचे घर त्या हजार रुपयांवर चालत नाही, ते मुलीवर चालते, आणि मुलीकडे मागताना त्यांना किती संकोच वाटतो, हे मी पाहिले आहे.

किमान पेन्शन वाढले पाहिजे, त्यासाठी आंदोलन करणाऱ्या वृद्धांच्या मागे आपण उभे राहिले पाहिजे, याबद्दल माझ्या मित्रमंडळींत दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ते होईपर्यंत आपापले पासबुक उघडून पेन्शनचा रकाना एकदा नीट पाहा. तिथे पीएफसारखे व्याज जमा होत नाही, कारण पेन्शन साठलेल्या रकमेवर नव्हे, तर पेन्शनपात्र वेतनावर आणि सेवेच्या वर्षांवर ठरते. म्हणूनच तरुणांनी नोकरी बदलताना फॉर्म दहा-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेण्याचा मोह टाळावा. पैसे काढले की तोपर्यंतची सेवा पुसली जाते, आणि पेन्शनसाठी लागणारी किमान दहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. वरच्या गणिताने तुमच्या पेन्शनचा जो आकडा येईल, तो आजच्या घरखर्चातून वजा करा आणि जे उरेल त्याची तरतूद पेन्शनच्या बाहेर, आजपासूनच सुरू करा.