ट्रिम पल्परमध्ये गेलं म्हणजे फुकट गेलं नाही?

पेपर मिलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुठले रोल कसे आणि कुठल्या क्रमाने काढायचे हे ठरवणारं शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ चोचले. कापताना उरलेली पट्टी (ट्रिम) परत पल्परमध्येच, म्हणजे कागदाचा पुन्हा लगदा करणाऱ्या टाकीतच जाते, वाया काही जात नाही. मुरलेला प्लॅनर तेच गणित वहीवर करतो. आणि मशीन चोवीस तास चालूच असतं, मग क्रम कुठलाही लावा.

पल्परमधून परत मिळतो तो फक्त तंतू. पट्टी वाळवायला गेलेली वाफ मिळत नाही. किलोभर कागदामागे ड्रायरला किलोहून जास्त पाणी उडवावं लागतं. त्या पट्टीचा पुन्हा कागद करायचा तर हा खर्च दुसऱ्यांदा. मशीनचा वेळ गेला तो गेलाच.

वहीचा मुद्दा जरा बघण्यासारखा आहे. समजा वापरता येणारा डेकल, म्हणजे मशीनवरच्या कागदाची रुंदी, ३३० सेंमी. १३० चे २० रोल, ९५ चे २० आणि ७० चे ३० हवेत. हात आधी १३०+९५+९५ कडे जातो. ३२० भरले, ट्रिम फक्त १०, झकास! असे १० सेट (एका रुंदीतून एकदम कापलेले रोल म्हणजे एक सेट) लावले, मग १३०+१३०+७० चे ५. आता ७० चे २५ रोल उरले. चार-चार लावले तरी दर सेटला ५० सेंमी ट्रिम, आणि शेवटच्या सेटात एकच रोल. एकूण २२ सेट. तोच माल १३०+१३०+७० चे १० आणि ९५+९५+७०+७० चे १० असा २० सेटांत, शून्य ट्रिमने बसतो. तीन मापांत ही गत, तर तीस मापांचं काय? सगळ्या जुळण्या न मांडताच उत्तर काढायची रीत आयबीएमच्या गिलमोर आणि गोमोरींनी १९६१ मध्येच दिली. त्यामुळे हे काही कालचं फॅड नव्हे.

क्रमाचं तर शिफ्टमधल्या कुणालाही विचारा. ६० जीएसएमवरून (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) थेट ९० वर गेलं की वजन आणि ओलावा स्थिरावेपर्यंतचा कागद ब्रोकमध्ये, म्हणजे रद्दीत. गडद शेडनंतर पांढरा घ्यायचा तर आधी सिस्टीम धुवा.

सॉफ्टवेअर विकणारे ‘प्लॅनरची गरजच नाही’ म्हणतात, तेही तितकंच खोटं. शून्य ट्रिमसाठी दर सेटला रिवाइंडरच्या (रोल कापून गुंडाळणाऱ्या मशीनच्या) सुऱ्या हलवायला लावणारा प्लॅन शिफ्ट इनचार्ज बाजूला ठेवेल, आणि त्याचं बरोबरच असेल. कुठला ग्राहक दोन रोल जास्त घेईल, कुणाचा ट्रक उद्या दारात उभा राहणार, हे प्लॅनरनेच सॉफ्टवेअरमध्ये भरावं लागतं.