हलतोय तर काढा की!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवसांपासून कराडच्या मावशीचे चार दात गाजतायत. खालचे, पुढचे. मावशी 61 वर्षांची, साखर जुनी, आणि जिभेने ढकलले की दात हलतात. तिचे कराडचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, आधी हिरड्यांची सफाई करू, साखर आटोक्यात आणा, तीन महिन्यांनी बघू काय टिकतंय. पुण्यातल्या एकांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, चारही काढा, हाडात दोन स्क्रू म्हणजे इम्प्लांट, वर जोडून बसवलेले दात म्हणजे ब्रिज, विषय संपला.

झालं. दादाच्या मते कराडचा डॉक्टर नुसत्या चकरा मारायला लावतोय. वहिनीच्या मते लुटारू पुण्याचा. काकांचं एकच पालुपद, "हलतोय तर काढा की, कशाला लाड?" शेवटी सगळे एका सुरात माझ्याकडे वळले: तुमच्या इंग्लंडात बरंय बाई, तिथं सगळं नियमानं चालतं.

दात काढायचा की ठेवायचा, यावरून डॉक्टर चोर की साव हे ठरवणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. तोंडात काय चाललंय, हे पंधरा दिवसांत एकानेही विचारलं नाही.

लेस्टरच्या दवाखान्यात मी रोज हेच ऐकत बसते. डेंटिस्ट हिरडी आणि दाताच्या फटीत प्रोब, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, सरकवतो आणि खोलीचे आकडे बोलतो. एका दाताला सहा जागा. "तीन, दोन, तीन. तीन, चार, सात, ब्लीडिंग." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. सात म्हणजे हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय आणि खालचं हाड झिजलंय. मग दात हलवून बघायचा, पण बोटाने नाही. बोटाचं मांस दबतं आणि फसवतं. आरसा आणि प्रोब यांच्या दांड्या दाताच्या दोन बाजूंना टेकवायच्या आणि पुढेमागे करायच्या. किंचित हलला तर पहिली पायरी. वरून दाबल्यावर जो खुंटीसारखा खाली जातो, तो तिसऱ्या पायरीचा. तो बहुधा जातोच.

मधल्यांचंच अवघड असतं. सुजलेल्या हिरडीतला दात सुजेमुळेही हलतो. किटण निघालं, सूज उतरली की त्यातले काही घट्ट होतात. काही नाही होत. आधीच सांगता येत नाही, म्हणून तर तीन महिने थांबायचं आणि पुन्हा सगळे आकडे घ्यायचे. दाढ असेल तर तिच्या मुळांच्या बेचक्यात हाड उरलंय का ते बघायचं, कारण तिथे ना ब्रश पोचतो ना आमची हत्यारं धड पोचतात. पुढच्या दातांना मूळ एकच, साफ करायला सोपं. मावशीच्या दातांना मागून तार लावून एकमेकांना बांधताही येईल. कराडच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, फक्त कमी शब्दांत. आणि नेमके तेच ग्रुपवर 'जुन्या वळणाचे' ठरले!

मी ग्रुपवर आकडेही टाकले. 1978 साली हर्शफेल्ड आणि वॉसरमन या अमेरिकेतल्या दोघांनी 600 रुग्णांचा हिशेब छापला, सरासरी 22 वर्षांचा. सुरुवातीलाच 'भरवसा नाही' म्हणून नोंदवलेले दात होते 2,139. त्यातले गेले 666. म्हणजे तीनातले दोन राहिले. अट एवढीच की ही माणसं वर्षानुवर्षं सफाईला येत राहिली. दादाने अंगठा टाकला. तो वाचून टाकला की न वाचता, देव जाणे. मग विचारलं, "पण इम्प्लांट कायमचा ना?" अरे बाबा, रोग हिरडीचा आणि हाडाचा आहे. साखर तीच, ब्रश तसाच, तर इम्प्लांटभोवतीचं हाडही तसंच झिजू शकतं.

आता त्या 'नियमानं चालणाऱ्या' इंग्लंडबद्दल. 1968 च्या पाहणीत इथल्या 37 टक्के प्रौढांच्या तोंडात एकही स्वतःचा दात नव्हता. 2009 पर्यंत ते 6 टक्क्यांवर आलं. आमच्याकडे ब्याऐंशी वर्षांची एक आजी येते, डार्लिंग म्हणते मला. एकविसाव्या वाढदिवसाला आईवडिलांनी तिचे सगळे दात काढून कवळी भेट दिली होती, लग्नानंतर नवऱ्याला खर्च नको म्हणून. त्या काळी इथे असं होत असे. ती हे हसत सांगते आणि हसताना कवळी सावरते.

आणि हल्लीचं सांगायचं तर, मी 2021 मध्ये इथे लागले तेव्हा एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, बँड टूचे (दुसऱ्या दरगटातल्या उपचारांचे) 65 पौंड 20 पेन्स होते. एक दात उपटला काय आणि चार भेटी देऊन सगळ्या मुळांवरचं किटण खरवडलं काय, रुग्णाला बिल तेच, आणि दवाखान्याला सरकार ज्या युनिटांवर पैसे देतं ती युनिटं तीनच. पहिल्या कामाला वीस मिनिटं. दुसऱ्याचा हिशेब तुम्हीच करा. कोणी चोर नव्हतं, पण घड्याळ सगळ्यांनाच दिसत होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिस्टलला नवा एनएचएस दवाखाना उघडला तर शेकडो माणसं रस्त्यावर रांगेत, पोलीस आले. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. इंग्लंडची अब्रू मी का झाकते, हे माझं मलाच कळत नाही. कदाचित इथे येण्याचा निर्णय चुकला असं कोणी म्हणू नये म्हणून.

कॉलेजात असताना आम्हाला कोटा असे. इतके दात काढल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. गावोगावच्या कॅम्पला मिश्रीने काळवंडलेली तोंडं यायची, बायका पदर दाताखाली धरून सांगायच्या, "काढून टाक बाळा, लई ठणकतंय." तीन महिन्यांनी परत या असं म्हणायचं तरी कोणाला? एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. मीही काढले. त्यातले दोन-तीन मला आजही आठवतात. हलत होते, पण दुसऱ्या पायरीचे. टिकले असते. मला कोट्यात चार कमी पडत होते.

काकांवर मी चिडले ती बहुतेक याच्यामुळे. ते वाक्य मी त्यांच्याआधी बोलून बसलेय.

आणखी एक गोष्ट ग्रुपवर कोणाला माहीत नाही. घरी मी अजून 'आपली डॉक्टर'. इथे मी डेंटल नर्स आहे. सक्शन धरते, आकडे टाइप करते. परदेशी डेंटिस्टांसाठीची ओआरईसारखी परीक्षा पास झाल्याशिवाय डेंटिस्ट म्हणून प्रोब हातात धरता येत नाही, आणि ओआरईच्या जागा नोंदणी उघडली की काही मिनिटांत संपतात. तीनदा मी पडद्याकडे बघत बसले आणि तीनदा पान परत पहिल्या जागी आलं. आकडे ऐकता ऐकता मी मनात प्रत्येक दाताचा निकाल लावते. कधी डेंटिस्टचा आणि माझा जुळतो, कधी नाही. विचारत मला कोणीच नाही.

रविवारी मावशीने ग्रुपला वळसा घालून थेट व्हिडिओ कॉल लावला. खिडकीत उजेडाला बसली, खालचा ओठ बोटाने ओढून धरला आणि जिभेने एकेक दात ढकलून दाखवू लागली. हिरडी लाल, किटण पिवळं, एवढं दिसत होतं. मग चित्र अडकलं.

"दिसतंय का गं? कितव्या पायरीचा हा? त्या दोघांचं राहू दे, तू सांग."

"फोनवरून कळत नाही मावशी. हात लावून बघावं लागतं."

"मग ये की," ती म्हणाली.